रेडिएटरचं झाकण आणि आमचं विज्ञान प्रदर्शन



विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं की आपल्याकडे काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवसांत स्टेशनरीच्या दुकानांत कार्डशीट, छोट्या मोटरी आणि एलईडी दिवे संपतात. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, स्मार्ट सिटी. मागच्या वर्षीचंच पुन्हा, फक्त रंग नवा. मीही अनेक वर्षं हेच करून घेतलं. मुलांनी पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणायची, परीक्षकांनी मान डोलवायची आणि संध्याकाळी तो प्रकल्प शाळेच्या कपाटावर जाऊन बसायचा. पुढच्या वर्षी धूळ झटकून पुन्हा खाली.

यंदा एका मुलामुळे मी हे थांबवलं. त्याबद्दलच लिहिते आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते: मुलांना प्रकल्पाचा विषय देऊ नका, घरातली अडचण शोधायला सांगा. आणि मुलांनी एखादी वस्तू बनवली तर "ही चालते का?" एवढंच विचारून थांबू नका. "ही वापरणाऱ्याला काही होणार नाही ना?" हेही विचारा. दुसरा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. तो आमच्या गावच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी शिकवला.

वहीतली एक ओळ

सातवीच्या वर्गाला मी गृहपाठ दिला होता, "घरात किंवा शेतात मोठ्या माणसांना रोज कशाचा त्रास होतो ते पाहून या. पाच ओळी लिहा." बहुतेकांनी लाइट जाते, पाणी येत नाही असं लिहिलं. एका मुलाने एकच ओळ लिहिली होती: "पप्पांना रेडिएटरचं झाकण काढता येत नाही."

हा मुलगा त्याआधी तीन-चार दिवस शाळेत आला नव्हता. विचारलं तेव्हा कळलं की वडिलांचा हात भाजलाय. ते ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. राहुरीच्या लोकांना हंगाम काय असतो हे सांगायला नको. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढताना इंजिन तापतं. त्यात पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकते, मग हवा खेळत नाही आणि काटा लाल पट्ट्यात जातो. रात्रीची वेळ, मागे ट्रॉल्यांची रांग. वडिलांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि पाणी ओतायला झाकण काढू लागले. ते हाताने निघेना. मग फडकं धरून, स्क्रू ड्रायव्हर लावून हातोडीने ठोकलं. झाकण उडालं आणि उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत गेलं.

मी त्याला विचारलं, "मग यावर काय करता येईल?" तो म्हणाला, "मॅडम, झाकण काढायचा पानाच नसतो. सगळे ठोकूनच काढतात."

बस, आमचा प्रकल्प ठरला. कुठल्याही आकाराच्या झाकणाला बसेल असा, कमी-जास्त करता येणारा हातपाना बनवायचा.

आधी झाकण समजून घेतलं

मला स्वतःला गाडीतलं काही कळत नाही. डीएडला आम्ही पाठ टाचणात "शैक्षणिक साहित्य" असा रकाना भरायचो, त्यात तक्ते आणि चित्रं असायची. रेडिएटरचं झाकण कधी नव्हतं. म्हणून मुलांना घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी भंगारातली चार-पाच जुनी झाकणं आणि एक फुटका रेडिएटर दिला. ते टेबलावर ठेवून आम्ही एक पूर्ण तासिका घेतली. आजवरच्या माझ्या चांगल्या तासांपैकी तो एक असेल.

झाकण उलटं केलं की मधे एक जाड स्प्रिंग दिसते आणि तिच्या टोकाला रबरी चकती. मुलांना वाटलं होतं की हे डब्यासारखं साधं झाकण असेल. पण ही एक झडप आहे. इंजिन तापलं की रेडिएटरमधलं पाणी प्रसरण पावतं, दाब वाढतो. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून बाहेर किंवा शेजारच्या बाटलीत जातं. त्या चकतीच्या मधोमध आणखी एक छोटी झडप असते. इंजिन थंड झाल्यावर आत पोकळी तयार होते, तेव्हा ती उघडून बाटलीतलं पाणी परत आत घेते.

मग मी विचारलं, "दाब मुद्दाम कशाला ठेवायचा?" वर्ग गप्प. मी म्हटलं, "घरी डाळ कुकरमध्ये का लावतात?" लगेच उत्तर आलं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, आणखी तापतं. रेडिएटरचंही तेच. झाकणावर बहुतेक वेळा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला इतका किलो जास्त दाब ते धरून ठेवतं. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी उकळलं नाही म्हणजे ते इंजिनातली उष्णता वाहून नेत राहतं.

आता धोका कुठे आहे ते मुलांनीच सांगितलं. आत ११० अंशांचं पाणी दाबामुळे पाणी म्हणून गुपचूप बसलेलं आहे. झाकण काढलं की दाब जातो आणि त्या पाण्याला एकदम उकळी फुटते. पाण्याची वाफ होताना ती साध्या हवेच्या दाबाला सोळाशे पटींहून जास्त जागा व्यापते. म्हणून ते सांडत नाही, उसळतं.

गणिताच्या तासाला आम्ही पुढचा हिशोब केला. रबरी चकतीचा व्यास ४ सेंमी धरला, तर त्रिज्या २, क्षेत्रफळ ३.१४ × २ × २ म्हणजे १२.५६ चौरस सेंमी. त्याला ०.९ ने गुणलं की ११ किलोच्या वर. म्हणजे तापलेल्या गाडीत एवढ्याशा चकतीला आतून ११ किलोचा भार वर ढकलत असतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे अर्धं शेळीचं पिल्लू!" पाठ्यपुस्तकातला "दाब" हा शब्द त्या दिवशी वर्गाला खरा वाटला.

मग ते अडकतं का?

थंड गाडीचं झाकणही का निघत नाही याची कारणं मुलांनी मिस्त्रीकाकांकडून लिहून आणली. पहिलं, आपल्याकडचं बोअरचं क्षारयुक्त पाणी. कूलंट न घालता तेच पाणी ओतत राहिलं की बादलीच्या कडेला बसतो तसा पांढरा थर झाकणाच्या कडेला बसतो, आणि पत्रा गंजतो. दुसरं, जुनं रबर फुगून तोंडाला चिकटतं. तिसरं, मधली छोटी झडप बंद पडली तर थंड झाल्यावर आत पोकळी राहते आणि ती झाकण खाली ओढून धरते. चौथं अगदी साधं: हात तेलकट, जागा अरुंद आणि झाकणाला धरायला फक्त दोन छोटे कान.

एवढं कळल्यावर मग मोजमाप. गावात जितकी वाहनं मिळाली तितक्यांची झाकणं मुलांनी मोजली. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, एक ट्रक. सगळी बंद आणि थंड असताना, मालकाला विचारून. दोऱ्याने परीघ घ्यायचा आणि ३.१४ ने भागायचं. सातवीचा वर्तुळाचा पाठ या निमित्ताने दोनदा शिकवून झाला. आमच्या यादीत सगळ्यात लहान झाकण ५ सेंमीच्या आसपास आणि सगळ्यात मोठं ८ च्या आसपास निघालं. नव्या गाड्यांमध्ये तर प्लास्टिकच्या टाकीला आट्याचं झाकण होतं, त्याला कानच नव्हते.

एका मापाचा पाना सगळ्यांना चालणार नाही हे उघड झालं. "कमी-जास्त होणारा" हा शब्द आधी आम्ही ऐटीसाठी लिहिला होता, आता तो गरजेचा झाला. इथे मी मुलांना स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांची गोष्ट सांगितली. एन्शोपिंग नावाच्या गावात त्यांची दुरुस्तीची कार्यशाळा होती. त्या काळी नटांची मापं एकसारखी नसायची, त्यामुळे कामाला जाताना पान्यांचं ओझं न्यावं लागायचं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्क्रू फिरवून जबडा लहान-मोठा होणाऱ्या पान्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये असे पाने त्याआधीही होते, पण त्यांचा नमुना जगभर पसरला आणि आज आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. मुलांना यातलं एकच लक्षात राहावं असं मला वाटत होतं: तो माणूस शोध लावायला बसला नव्हता, त्याला रोजचं ओझं कमी करायचं होतं.

तीन नमुने

पहिला नमुना पुठ्ठ्याचा. दोन पट्ट्या, मधे लांब खाच, एक बोल्ट. चालणार नाही हे माहीत होतं, पण कागदावर न दिसणाऱ्या चुका त्यात दिसल्या. पट्ट्या सरकल्या, पण दोन्ही आकड्या झाकणाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर राहिल्या नाहीत. मग पाना एका बाजूला ओढला जायचा.

दुसरा नमुना सायकलच्या ट्यूबचा. ट्यूबची पट्टी झाकणाभोवती गुंडाळायची आणि लाकडी दांड्याने पिळायची. ऑइल फिल्टर काढायला मिस्त्रींकडे पट्ट्याचा पाना असतो, त्याचीच नक्कल. हा कोणत्याही मापाला बसला, आट्याच्या प्लास्टिकच्या झाकणालाही. पण कान असलेल्या झाकणांवर आणि तेलकट झाकणांवर घसरायला लागला.

तिसरा नमुना खरा. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, दोन्हींना लांब खाच, दोन्हींची टोकं खाली वाकवून आकड्या केलेल्या. मधे बोल्ट आणि हाताने आवळायचा विंग नट. झाकणाच्या कानांना आकड्या भिडवायच्या, नट आवळायचा आणि २४ सेंमीच्या दांड्याने फिरवायचं. कापणं, भोक पाडणं आणि वाकवणं हे काम मिस्त्रीकाकांनीच केलं. मुलांनी खुणा करून दिल्या.

सहावीच्या विज्ञानात साधी यंत्रं येतात. तिथे तरफेचं चित्र काढून आपण टेकू, बल, भार पाठ करून घेतो. इथे मुलांनी सांगितलं की बोटांनी झाकण फिरवताना बल मध्यापासून ३ सेंमीवर लागतं, दांड्याने २४ सेंमीवर, म्हणजे आठपट फायदा. भंगारातल्या रेडिएटरवर घट्ट बसवलेलं झाकण एका मुलीने एका हाताने फिरवलं. वर्गात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, झालं काम.

"मॅडम, हत्यार लई भारी झालंय, पण..."

तो पाना आम्ही मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी दोन-तीन वेळा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हत्यार लई भारी झालंय, पण हे कुणाच्या हातात देऊ नका."

मुलं हिरमुसली. मला थोडा रागही आला. मी विचारलं, "का बरं?"

ते म्हणाले, "आता झाकण निघत नाही म्हणून तरी माणूस थांबतो. निम्मे लोक त्यामुळेच वाचतात. हे दिलं की तापल्या गाडीचं झाकण एका झटक्यात निघंल. आत्ता एकाचा हात भाजला, मग दहा जणांचे भाजतील."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही अडचण चुकीची लिहिली होती. "झाकण निघत नाही" ही अडचण नव्हतीच. "झाकण चुकीच्या वेळी निघतं" ही अडचण होती. त्या मुलाच्या वडिलांचा हात झाकण न निघाल्यामुळे भाजला नव्हता, ते निघाल्यामुळे भाजला होता. एवढी साधी गोष्ट वर्गातल्या एकालाही, आणि मलाही, सुचली नव्हती. कारण आमचं सगळं लक्ष "पाना चालला पाहिजे" यावर होतं.

मग काकांनी एक गोष्ट समजावून सांगितली, जी आम्ही झाकण हातात घेऊनही पाहिली नव्हती. कानाचं झाकण दोन टप्प्यांत निघतं. न दाबता फिरवलं की ते पहिल्या थांब्यावर अडतं. तिथे आतली चकती सैल होते आणि उरलासुरला दाब बारीक नळीतून जातो. त्यापुढे जायचं तर झाकण खाली दाबून पुन्हा फिरवावं लागतं. हा पहिला थांबा ज्याने कुणी बनवला त्याने घाईत असलेल्या माणसाचा विचार करून बनवला आहे. काही झाकणांवर तर पत्र्याची छोटी दांडी असते, ती उचलली की आधी दाब सुटतो. आपला पाना मात्र ही सगळी सोय ओलांडून जात होता. वरून जोर दिला की झाकण दाबलंही जायचं आणि फिरायचंही.

घरी आल्यावर मला आतल्या झाकणाचा कुकर आठवला. त्याचं झाकण आतून वर बसतं, त्यामुळे वाफेचा दाबच ते घट्ट लावून ठेवतो. दाब उतरल्याशिवाय ते खाली जात नाही आणि उघडतही नाही. म्हणजे घाई करणाऱ्यालाही तो कुकर थांबवतो. दुसऱ्या दिवशी मी तो कुकर वर्गात नेला आणि प्रश्न टाकला, "आपला पाना असा हट्टी करता येईल का?"

दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी ज्याच्या वडिलांचा हात भाजला होता तोच मुलगा दाराची एक जुनी बिजागरी घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, दांडा आणि पट्टीच्या मधे ही लावू. आडवं ओढलं तर झाकण फिरंल. खाली दाबलं तर दांडाच खाली पडंल."

मी आधी समजले नाही. मग करून पाहिलं आणि खरंच तसं झालं. बिजागरी आडवी बसवली की दांडा वर-खाली मोकळा हलतो, पण डावी-उजवीकडे हलत नाही. त्यामुळे फिरवायचा जोर झाकणापर्यंत पोहोचतो, दाबायचा जोर पोहोचत नाही. म्हणजे हा पाना अडकलेलं झाकण पहिल्या थांब्यापर्यंत सैल करतो आणि तिथेच थांबतो. पुढे झाकण काढायचं असेल तर त्यावर हाताचा तळवा ठेवून दाबावंच लागतं. आणि तळवा ठेवता येतो तेव्हाच, जेव्हा झाकण थंड असतं!

मुद्दाम कमी काम करणारा पाना. मिस्त्रीकाका हसले आणि म्हणाले, "आता ठीक आहे."

तरी त्यांनी तीन इशारे दिले, ते आम्ही तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. जुन्या झाकणाची किंवा तोंडाची कड झिजलेली असेल तर पहिला थांबा अडत नाही, झाकण थेट निघू शकतं. रेडिएटरमागे पंखा असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना दांडा जवळ न्यायचाच नाही. आणि काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पंखा आपोआप सुरू होतो. म्हणून पाना कितीही चांगला असला तरी आधी इंजिन बंद, मग किमान अर्धा तास थांबायचं. वरचा रबरी होस पाईप जाड फडक्याने दाबून पाहायचा. तो कडक लागला तर आत अजून दाब आहे. मुलांनी दांड्याला लाल रंग दिला आणि त्यावर लिहिलं, "आधी थांबा".

प्रदर्शनात काय झालं

नंबर आला नाही. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "यात इलेक्ट्रॉनिक काही नाही का?" दुसऱ्यांनी विचारलं, "झाकण पूर्ण निघतच नाही, मग पाना कसला?" मुलाने बिजागरी दाखवून उत्तर द्यायला सुरुवात केली, तोवर ते पुढच्या टेबलावर गेले होते. पहिला नंबर सेन्सर लावलेल्या कचराकुंडीला मिळाला. ते सेन्सरचं किट कुठे मिळतं हे मलाही माहीत आहे.

मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. परीक्षकांना एका दिवसात शंभर टेबलं पाहायची असतात, आणि मीही परीक्षक म्हणून बसले आहे तेव्हा तेच केलं आहे. पण आपण सगळे मिळून मुलांना काय शिकवतो आहोत हे मला विचारावंसं वाटतं. झगमगतं ते विज्ञान आणि घरातल्या माणसाचा हात वाचवतं ते गॅरेजचं काम, असा अर्थ मुलं काढतात. राहुरीसारख्या गावात हा अर्थ जास्त टोचतो. आपल्या इथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्यात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. त्याच विषयाचा पहिला धडा गावातल्या गॅरेजमध्ये असतो हे मुलांना आपण सांगत नाही.

हाताने काम करत शिकण्याची गोष्ट नवी नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, सुतारकाम, शेती करत विज्ञान शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत, ज्यात मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून शिकावं. त्या यादीत माझ्याकडून गॅरेजच्या मिस्त्रीची भर घाला. इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेतही मुलांची स्वतःची कल्पना मागतात आणि निवड झाली तर नमुना करायला १० हजार रुपये देतात. आपण मात्र तिथेही इंटरनेटवरची कल्पना उतरवून पाठवतो.

शिक्षकांना आणि पालकांना विनंती

शिक्षकांनो, पुढच्या वेळी विषयांची यादी देऊ नका. मुलांना आठवडाभर फक्त बघू द्या आणि एक अडचण एका वाक्यात लिहायला सांगा. मग ते वाक्य ज्याला त्या कामातलं कळतं अशा माणसाला वाचून दाखवा. आमचं वाक्य चुकीचं होतं हे आम्हाला तीन नमुने केल्यावर कळलं. ते आधीच वाचून दाखवलं असतं तर लवकर कळलं असतं. बिघडलेले नमुने फेकू नका. प्रदर्शनात ते शेवटच्या नमुन्याच्या शेजारी ठेवा, कारण खरा अभ्यास त्यांच्यात आहे. आणि परीक्षक म्हणून बसलात तर एक प्रश्न नक्की विचारा: "हे वापरताना कुणाला इजा होऊ शकते, आणि तुम्ही त्यासाठी काय केलंत?" विकत आणलेल्या प्रकल्पाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

पालकांनो, रात्री जागून मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका. तो वाकडा होऊ द्या. त्यापेक्षा तुमच्या कामातली अडचण त्याला सांगा. तुम्ही ड्रायव्हर असा, गवंडी असा, दूध घालत असा, तुमच्या कामात आमच्या पुस्तकातल्या सगळ्या धड्यांचं साहित्य आहे. "तुला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य तेवढं टाळा.

आणि एक काम दोघांनीही करा. गाडी तापली तर काय करायचं हे घरात बोलून ठेवा. तापलेलं झाकण मुलांना काढायला सांगू नका, स्वतःही काढू नका. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, लोखंड तडकू शकतं. कुणी भाजलंच तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखान्यात न्या. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि रेडिएटरमधलं पाणी त्याच्या जवळपास दुप्पट तापलेलं असतं.

त्या मुलाचे वडील परवा शाळेत आले होते. हातावर डाग राहिलाय, पण बोटं नीट वळतात. पाना त्यांच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आहे. मी विचारलं, "उपयोग होतो का हो त्याचा?" ते म्हणाले, "मॅडम, अजून लावायची वेळ आली नाही. पण गाडी तापली की पोरगं आठवतं. मग बसतो खाली, एक चहा पितो."

तुमच्या वर्गात अशी घरची अडचण कुणी आणली असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या प्रदर्शनाला आपण शेजारी-शेजारी टेबल लावू.